पुस्तक एक, बाजार आख्खा: बालवाडीत चित्रपुस्तकावरून खेळ कसा उभा करायचा

नवीन वर्ग हातात आला की आपण पहिलं काय करतो, तर मोबाईल उघडून ॲक्टिव्हिटी शोधतो. मग कापसाची मेंढी, पेपर प्लेटचा सिंह, आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, सगळं दिसायला गोड, ताई रात्री अकरापर्यंत कापत बसते, सकाळी मुलं त्यावर दोन डोळे चिकटवतात आणि झालं. ज्या पुस्तकावरून हे सगळं सुरू केलं ते कपाटातच. म्हणून माझा एकच निकष आहे, खाली जे काही सांगतेय ते सगळं त्यावरच चालतं: तुम्ही दिलेलं काम करताना मूल मधेच उठून पुस्तक उघडायला जातंय का? "थांब ना, आजीने आधी काय घेतलं होतं?" म्हणून पान शोधतंय का? जात असेल तर काम चांगलं, मग ते दिसायला कितीही ओबडधोबड असो. जात नसेल तर ती हस्तकला झाली, ती पण करा, पण पुस्तकाच्या नावावर खपवू नका.

हे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. बालवाडी, अंगणवाडी, प्लेग्रुप, किंवा सोसायटीतली चार मुलं जमवून घरीच करणारी आई, कुणालाही जमेल.

पुस्तक निवडताना

आवडतं म्हणजे मुलांचं आवडतं. ओळखायला सोपं असतं, ज्याचे कोपरे मळलेत, मधल्या पानाला सेलोटेप आहे आणि जे वाचून संपलं की लगेच "परत!" येतं, तेच. पण प्रत्येक आवडत्या पुस्तकावर खेळ उभा राहत नाही. काही पुस्तकं शांत असतात, झोपायच्या वेळची, ती वाचावी आणि सोडून द्यावी. खेळासाठी बघायचं म्हणजे एक तर त्यात माणसं नाहीतर प्राणी भरपूर हवेत, कारण एकच हिरो असला तर बाकीच्यांनी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? दुसरं, काहीतरी पुन्हा पुन्हा घडायला हवं म्हणजे मुलांना ते तोंडपाठ होतं. आणि तिसरं, मधे कुठेतरी काहीतरी बिघडायला हवं. यातलं बिघडणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण खेळ तिथूनच पेटतो.

पुस्तकं विकतच घ्यायला पाहिजेत असं काही नाही. नाशिकला टिळक पथावरचं आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं आहे, तिथे मुलांची पुस्तकं मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत, मुक्त परवान्याखाली असल्यामुळे प्रिंट काढून वर्गात वापरली तरी चालतं. फक्त वीस मुलांना मोबाईलच्या स्क्रीनवर पुस्तक दाखवायच्या फंदात पडू नका. चार पानं कलर प्रिंट काढा, पुठ्ठ्यावर चिकटवा, पण हातात कागद असू दे.

आता बोलायला सोपं जावं म्हणून एक गोष्ट धरून चालू. आजी कापडी पिशवी घेऊन बाजारात जाते. कांदे घेते, मग बटाटे, मग कोबी, मग लाल भोपळा, प्रत्येक वेळी दुकानदार विचारतो "मावेल का आजी?" आणि आजी म्हणते "मावेल की!" आणि शेवटी पिशवीचा बंद तुटतो, सगळं उतारावरून घरंगळत सुटतं आणि आख्खा बाजार त्याच्यामागे पळतो. असं एखादं पुस्तक तुमच्याकडे असेलच, नसलं तर दुसरं कुठलंही घ्या, पायऱ्या त्याच.

सुरुवातीला फक्त वाचायचं

पहिल्या वाचनात प्रश्न विचारू नका. खरंच, एकही नको. "हा कोणता रंग? किती बटाटे? भोपळा कोणी खाल्लाय?" असं प्रत्येक पानावर थांबलात की गोष्टीचा पार भुगा होतो आणि मुलांना वाटतं ताई परीक्षा घेतेय. सरळ वाचा, आवाज बदलून वाचा, दहा-बारा मिनिटांत संपवा.

दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक. आता पान उलटायच्या आधी थोडं थांबा, बस. "मावेल..." म्हणून तुम्ही गप्प बसा, मुलं आपोआप ओरडतील "की!" तिसऱ्या दिवशी मग प्रश्न, पण ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही असे. पिशवी तुटणार हे आजीला कळलं नसेल का? तो मागे चहावाला उभा आहे तो का नाही धावत? चित्रातल्या कोपऱ्यातल्या गोष्टी मुलांना आपल्या आधी दिसतात, कारण आपण अक्षरं वाचत असतो आणि ती चित्र वाचत असतात. एक मांजर प्रत्येक पानावर लपलंय हे मला एका साडेतीन वर्षांच्या मुलीने दाखवलं होतं, तोपर्यंत मी ते पुस्तक कित्येकदा वाचून दाखवलं असेल.

या दिवसांत तुमचं काम एकच, वही जवळ ठेवा आणि मुलं काय बोलतात ते लिहून घ्या. कुठल्या पानावर हसतात, कुठे बोट ठेवतात, घरचं काय आठवतं. पुढचा सगळा प्लॅन या वहीतून निघतो. आधीच पूर्ण महिन्याचा चार्ट बनवून भिंतीवर लावला असेल तर तो हेडबाईंना दाखवायला ठेवा, हरकत नाही, पण त्याच्या मागे फार धावू नका.

एकच धागा पकडा

नव्या तायांना इथे मोह होतो की एका पुस्तकातून सगळं काढायचं. भाज्या आल्या म्हणजे रंग, आकार, मोजणी, पालेभाजी-फळभाजी, आरोग्य, शेतकरी, स्वच्छता, प्रार्थना पण त्याच्यावरच. नका करू. वहीत बघा मुलं कशाला चिकटलीत. आमच्याकडे बाजाराच्या पुस्तकावर मुलं भाज्यांना चिकटलीच नव्हती, ती चिकटली पिशवीला. का तुटली, किती जड होती, आमच्या आईची पण तुटते, आमच्या आईची चेन तुटते. मग आम्ही पिशवीच धरली.

पिशवीचा हा प्रयोग एवढा चालतो की नीट सांगते. चार पिशव्या घ्या: वर्तमानपत्राची खळ लावून केलेली, तीच पण थोडी ओली केलेली, जुन्या साडीची किंवा मांजरपाटाची शिवलेली, आणि कांद्याची जाळीची, ती तर नाशिकमध्ये कुठल्याही घरी मिळेल. (प्लॅस्टिकची पातळ कॅरीबॅग राज्यात २०१८ पासून बंद आहे, शिवाय मुलं ती डोक्यात घालतात, तिला तसंही वर्गात आणू नका.) पिशव्या खिडकीच्या गजाला किंवा खुर्चीच्या पाठीला अडकवा, खाली गोणपाट टाका म्हणजे बटाटे फुटणार नाहीत. आधी विचारा कुठली आधी तुटेल, प्रत्येकाने आपल्या नावाची चिठ्ठी किंवा फोटो त्या पिशवीखाली ठेवायचा. मग एकेक मूल येऊन एक बटाटा टाकणार आणि बाकी सगळे विचारणार "मावेल का?" आणि तो म्हणणार "मावेल की!" बघा, पुस्तकातलं वाक्य आपोआप आलं, तुम्हाला पाठ करून घ्यावं लागलं नाही. ओली पिशवी तिसऱ्या-चौथ्या बटाट्याला तळातून सुटते आणि जो काही आरडाओरडा होतो तो शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा. इथे हमखास कोणीतरी म्हणतं की आजीची तर तळातून नाही तुटली, वरून तुटली, आणि दोघं-तिघं पुस्तक आणायला पळतात. पळू द्या, त्यासाठीच सगळा खटाटोप आहे.

मोजणी यात झालीच, जड-हलकं झालं, अंदाज बांधणं झालं. वेगळं वर्कशीट कशाला पाहिजे?

सामान जमवणं

विकतचा किचन सेट, प्लॅस्टिकच्या भाज्या, यावर पैसे घालवू नका. प्लॅस्टिकचं वांगं कायम वांगंच राहतं, पण लाकडाचा ठोकळा आज बटाटा, उद्या मोबाईल, परवा साबण होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं ते आजूबाजूला जे मिळतं त्यातून साधनं करून, पानं, बिया, शिंपले, दगड. आपल्याकडे तर जानेवारी ते मार्च द्राक्षाचे पुठ्ठ्याचे खोके गल्लोगल्ली पडलेले असतात. एक खोका उलटा घातला की झालं दुकान.

बाकी लागेल ते असं: कपड्याच्या हँगरला दोन्हीकडे सुतळीने नारळाच्या करवंट्या नाहीतर वाट्या बांधा, तराजू तयार, खिळ्याला अडकवला की खरंच झुकतो. वजनाला वाळू भरून शिवलेल्या छोट्या पिशव्या. पाट्या, म्हणजे टोपल्या, दोन-तीन. आजीची जुनी नऊवारी किंवा साधी ओढणी, टोपी, उपरणं, एक चष्म्याची रिकामी फ्रेम. पावतीपुस्तकाच्या जागी जुन्या वह्यांची कोरी पानं. भाज्या मुलांनीच कणकेच्या किंवा वर्तमानपत्राच्या बोळ्याच्या करायच्या, त्यावर रंग लावायचा, भोपळा पाहिजे तर मोठा बोळा आणि वर केशरी घोटीव कागद.

आणि खऱ्या भाज्या पण आणा, निदान एकदा. बाजाराची सहल काढायची असेल तर बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, नेऊ नका, बुधवारच्या बाजारात एवढ्या लहान मुलांना सांभाळता सांभाळता तुमचा जीव जाईल. त्यापेक्षा रोज शाळेवरून जाणाऱ्या हातगाडीवाल्या काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, ते गेटवर दहा-पंधरा मिनिटं थांबतात. मुलांकडे यादी द्या, चित्रांची, आणि पैसे मुलांनाच देऊ द्या. काका ओरडतात कसे, कोथिंबीर वरून फुकट टाकतात का, काटा कुठे बघायचा, हे सगळं मुलं टिपकागदासारखं उचलतात आणि दुसऱ्या दिवशी खेळात जसंच्या तसं येतं. आणलेल्या काकडी-टोमॅटोची दुपारी कोशिंबीर करून टाका, वाया काही जात नाही.

बाजार मांडला, आता

रोल प्ले म्हणजे गॅदरिंगचं नाटक नाही हे पालकांना आणि कधीकधी हेडबाईंनाही समजवावं लागतं. डायलॉग पाठ नाहीत, रांगेत उभं राहणं नाही, "आता तुझी पाळी" नाही. मुलं भातुकली खेळतात, दुकान-दुकान खेळतात, तेच आहे हे, फक्त गोष्ट पुस्तकातली.

वेळ भरपूर द्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं तर कोण कोण होणार यातच जातात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसता गोंधळ चाललाय. अर्धा-पाऊण तास हातात नसेल तर त्या दिवशी मांडूच नका, वीस मिनिटांत आवरायला सांगितलं की रंगात आलेला खेळ मोडतो आणि मुलं चिडतात.

आजी कोण, यावरून भांडण होणारच. चिठ्ठ्या टाकू नका, सरळ चार आज्या करा. बाजारात एकच आजी असते का? मुलगे आजी होतात, मुली हमाल होतात, कोणाला हसू देऊ नका एवढंच. सगळ्यांना दुकानदारच व्हायचं असलं तर गिऱ्हाईक तुम्ही आणि मदतनीस मावशी. तुम्ही खेळात शिरायचं ते लहान भूमिकेत. "अहो भाऊ, कांदे कसे दिले? एवढे महाग? शेजारी तर वीसला देतायत" असं एक वाक्य टाकायचं आणि पिशवी उचलून निघून यायचं. मागे दोन दुकानदार भावावरून भिडलेले असतात, तो संवाद तुम्ही लिहून काढायला बसलात तर सुचणार नाही. पण तुम्ही तिथेच उभं राहून "आता आजी पुढच्या दुकानात जाणार बरं का" म्हणायला लागलात की मुलं खेळणं थांबवून तुमच्याकडे बघायला लागतात.

जे मूल बोलत नाही त्याला बोलायला लावू नका. त्याला मांजर होऊ द्या. किंवा रिक्षावाला, खुर्ची पुढे, दोन खुर्च्या मागे, हातात ताट. आमचा एक मुलगा कित्येक दिवस टेबलाखाली बसून होता, आम्हाला वाटलं रुसलाय, आणि एका दिवशी पैसे द्यायची वेळ आली तसा खालून आवाज आला, "पचास रुपये प्राप्त हुए!" तो दुकानातला पेमेंटचा डबा झाला होता. नंतर प्रत्येक दुकानदाराला तो हवा होता. मुलांनी मग चौकोन-चौकोन काढून क्यूआर कोड पण बनवले. आता हे काही पुस्तकात नव्हतं, पण आजीने पैसे कसे दिले हे बघायला मुलं पानं चाळून आली, आजीकडे बटवा होता, मग आजीकडे फोन नाही का, यावर बरंच बोलणं झालं.

घरची भाषा येऊ द्या. नाशिकच्या सिडको-सातपूरकडे घरात हिंदी बोलणारी मुलं असतात, कसमादेकडून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आलेल्यांच्या घरी अहिराणी असते, खेळात भाव करताना ती आपोआप बाहेर पडते. लगेच सुधारायला जाऊ नका.

गोष्ट पुस्तक सोडून गेली तर

जाणारच, आणि चांगलंच आहे. निफाडकडे आजोबांची शेती असलेला एक मुलगा आमच्या बाजारात आला, पाट्या बघितल्या आणि म्हणाला असे नाही कांदे विकत, आधी लिलाव असतो. खुर्च्यांची रांग लावली, म्हणजे ट्रॅक्टर, प्रत्येक खुर्चीवर एक मूल मांडीवर कागदी कांदे घेऊन, आणि हा पुढून एकेका ट्रॉलीपाशी थांबून कांदा हातात घेऊन, दाबून, वास घेऊन ओरडतोय, "बाराशे, बाराशे पन्नास, तेराशे!" लासलगावला नेलं असेल आजोबांनी, नाहीतर पिंपळगावला. बाकीच्यांना काय चाललंय ते अर्धं कळत नव्हतं पण मजा पूर्ण येत होती. नवी ताई असती तर म्हणाली असती चला चला, आजीच्या बाजाराकडे या. दहा मिनिटं थांबा. त्या दिवशी शेवटी एका मुलीनेच विचारलं, की मग आजीने घेतले ते कांदे पण आधी ट्रॉलीत होते का, आणि सगळे पुस्तकावर वाकले, चित्रात मागे ट्रॅक्टर आहे का बघायला. नव्हता. मग त्यांनी एक वेगळं पान काढलं, ट्रॅक्टरचं, आणि ते पुस्तकात पहिल्या पानाच्या आधी ठेवायचं ठरवलं. पुस्तकात मुलांची पानं घालत जाणं ही माझी सगळ्यात आवडती ॲक्टिव्हिटी, क्लिप लावून ठेवा, चिकटवू नका.

मूल जे सांगेल ते पानाखाली तुम्ही त्याच्या शब्दांत लिहा, त्याच्यासमोर. "ट्रॅक्टरवाला भाऊ झोपला होता" म्हणाला तर तेच लिहा. आणि दुकानाच्या पाटीवर मुलांनी गिरगोट्या मारून "कांदा वीस" वाचून दाखवलं तर ते लिहिणंच आहे, खाली शुद्ध अक्षरात परत लिहून त्यांचा पचका करू नका.

सांभाळायचं ते

चिंचोके, वाटाणे, राजमा, मणी मोजायला घेतात बऱ्याच ठिकाणी, पण ते नाकात-कानात जातात, वर्षातून एकदा तरी कोणत्या ना कोणत्या वर्गात जातातच. टिश्यू रोलच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. आपल्याकडे सीझनला खाऊच्या डब्यात रोज द्राक्षं असतात, अख्खं गोल द्राक्ष लहान मुलाच्या घशात घट्ट अडकू शकतं, पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ते उभं चार भागांत चिरूनच द्या आणि पालकांच्या ग्रुपवर हे एकदा नीट लिहून टाका. खेळता खेळता खायचं नाही, बसून खायचं. सुरीचं काम मावशींनी करायचं, मुलांना काकडीसाठी बोथट प्लॅस्टिकची सुरी पुरते. ओढण्या गळ्यात गाठ मारून नकोत, खांद्यावर टाका.

पालक विचारतात, शिकवलं काय?

विचारणारच, फी भरतात. "आज दिवसभर भाजी विकली म्हणतो, ए बी सी डी कधी?" चिडू नका. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पाच वेगळा धरलाय आणि त्यासाठीचा २०२२ चा अभ्यासक्रम आराखडा खेळातून शिकण्यावरच उभा आहे, हे सांगा, पण तेवढ्याने कोणाचं समाधान होत नाही. त्यापेक्षा वहीतलं मुलाचं एक वाक्य पाठवा. "आज तुमच्या मुलीने अंदाज केला की जाळीची पिशवी तुटणार नाही कारण तिला भोकं आहेत पण दोरी जाड आहे." हे वाचलं की आई-बाबा दुसऱ्या दिवशी स्वतःहून जुन्या पिशव्या घेऊन येतात. आज्यांना तर वर्गात बोलवाच, पूर्वी बाजाराला कशा जायच्या ते सांगायला, एकदा आल्या की जायचं नाव घेत नाहीत.

कधी थांबायचं

दोन आठवडे साधारण चालतं, कधी महिनाभर. दुकानात कोणी गिऱ्हाईक येईना, टोपल्या नुसत्या डोक्यावर घालून पळापळ सुरू झाली, की समजा संपलं. ओढून नेऊ नका. सामान एका खोक्यात भरा, वर पुस्तकाच्या कव्हरची झेरॉक्स चिकटवा, मुलांनी केलेली पानं पण त्यातच, आणि खोका मुलांचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवा. पुस्तक मात्र खोक्यात कोंबू नका, ते वाचायच्या कोपऱ्यातच राहू दे.

पुढचं पुस्तक पावसाचं घेणार असाल तर नाशिकच्या मुलांसाठी एक तयार खेळ आहे. गोदावरीला पूर आला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे दोन तोंडांच्या मारुतीच्या मूर्तीच्या, कुठपर्यंत आलं यावर आख्खं गाव बोलतं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. टबमधे मारुती उभा करा, मुलांनी एकेक पेला पाणी ओतायचं आणि कमरेपर्यंत यायला किती पेले लागले त्याच्या भिंतीवरच्या कागदावर रेघा मारायच्या, पुस्तकातल्या नदीचं पाणी कुठल्या पानावर किती होतं ते शेजारी. टब अंगणात ठेवा, ताई कायम जवळ, संपलं की पाणी लगेच झाडांना. आणि मारुती शाडूचा नको, गुडघ्यापर्यंत पाणी येतं तोवर पाय विरघळतात, बाटलीत वाळू भरून तिला तोंडं काढा.